तीन लिंबांचा उतारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण चहा निवेपर्यंत माझी पार अब्रू जाणार आहे.

ग्वाल्हेरचं राज्य विलीन झालं, मग मध्यभारतही मोडीत निघाला आणि राजधानी गेली भोपाळला. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या कचेऱ्यांत एकच धसका: तबादला, म्हणजे बदली. आमच्या शाखेतून एकाला जायचं होतं. एक तर आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, नाना यांना, नाही तर मला. आणि नाव सुचवणार कोण? नानाच! आता तुम्हीच सांगा, माझं काय होणार होतं?

मला ग्वाल्हेर सोडवत नव्हतं, आणि त्याचं कारण ऐकलंत तर मला मूर्खात काढाल. दर रविवारी सकाळी कंपू भागातल्या मैदानात आम्ही चार-पाच जण जमायचो आणि तीन-तीन चेंडू हवेत फेकून झेलत बसायचो. बस, एवढंच. हरीश कंपाउंडर आमचा गुरू. एकाचा चेंडू दुसऱ्याच्या टाळक्यात बसायचा, हसून हसून पोट दुखायचं, सोमवारची कचेरी आठवायचीही नाही. भोपाळात हे कुठलं मिळायला?

घरी मात्र सराव लिंबांवर. चेंडू उसळून थेट नालीत जातो, लिंबू पडलं तिथं पडून राहतं. जयेंद्रगंजातल्या आमच्या छतावर उजाडता उजाडता मी सुरू व्हायचो. दोन लिंबं झेलली जायची, तिसरं कठड्यापलीकडे. आणि पलीकडे कोण राहायचं? नाना. माझं नशीब बघा.

आठवडाभरात नाना पांढरेफटक पडले. दारात लिंबू, तुळशीपाशी लिंबू, एकदा तर वाळत घातलेल्या धोतरात लिंबू. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की कोणीतरी त्यांना भोपाळला धाडायला करणी करतंय. माझ्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर भोपाळ नक्की, आणि गप्प बसावं तर लिंबं माझीच.

"तुझे आजोबा पुजारी होते," नाना म्हणाले. "एवढा उतारा तूच कर बाबा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

शनिवारी संध्याकाळी नाना पाटावर, त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, हात जोडून, अख्खा मोहल्ला दारात. आठवेल ते स्तोत्र पुटपुटत तीन लिंबं नानांवरून ओवाळायची, एवढंच काम. पण हातांना लागलेली सवय! पहिलं लिंबू वर गेलं, मग दुसरं, मग तिसरं. आणि काय सांगू, जन्मात पहिल्यांदा एकही पडेना! गरगर फिरतायत नानांच्या टकलावर. मोहल्ला थक्क. काकूंनी तर मला नमस्कारच घातला. मलाही वाटलं, चला, निभावलं.

तेवढ्यात गल्लीतून हरीश कंपाउंडर चालला होता. तो थांबला आणि टाळ्या वाजवायला लागला.

"वाह पंडित! आज एक भी नहीं गिरा! छत पे तो रोज़ पड़ोसी के आँगन में टपकाता था!"

तिन्ही लिंबं नानांच्या डोक्यावर पडली. नानांनी ती एकेक उचलून माझ्या ओंजळीत ठेवली, आणि त्यानंच मी जास्त घाबरलो. रविवारी मैदानातही गेलो नाही. घरी ट्रंक भरायला घेतली.

सोमवारी नानांनी टेबलाशी बोलावलं.

"भोपाळला मी माझंच नाव दिलंय," ते म्हणाले. "तू इथंच राहा."

मला असं गहिवरून आलं म्हणून सांगू! छातीवरचा धोंडाच उतरला. मी वाकून पाया पडलो आणि म्हटलं, नाना, माझ्यासाठी एवढा त्याग?

"त्याग कसला रे," नाना म्हणाले. "तुला पाठवलं असतं आणि पुढच्या वर्षी माझाही तबादला झाला असता तर? सरकारी क्वार्टरं शेजारी-शेजारीच असतात."

संध्याकाळी, सुटलो एकदाचा म्हणून मी मारुतीला नारळ फोडायला गेलो. पाहतो तर माझ्या आधी काकू उभ्या, दोन नारळ घेऊन.