साडेसहा मिलिमीटर

माझ्या दादाला ऑफिसात सगळे 'काटा' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण दादाला ते ठाऊक होतं, आणि कोण कोण म्हणतं तेही त्याच्या डोक्यात पक्कं होतं. बत्तीस वर्षं तो वजन-मापांचा तपासनीस होता. दुकानात शिरला की आधी रिकामं पारडं बघायचा. वर काही नसताना काटा शून्यावर उभा राहतो की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढचं वजन ठेवायचं नाही, हा त्याचा नेम. दुकानदाराने पुढे केलेल्या खुर्चीवर तो कधी बसला नाही, चहाला हात लावला नाही. कोणी फार गोड बोलू लागलं की तो पारड्याखाली वाकून बघायचा.

निवृत्त झाला आणि तपासायला दुकानं उरली नाहीत. मग घर सापडलं. दूध त्याच्या मापाने, पडद्याचं कापड त्याच्या टेपने. वहिनी मला एकदा म्हणाली, "अहो ताई, लग्न ठरताना यांनी माझी उंची दोनदा विचारली होती. एकदा मला आणि एकदा माझ्या भावाला. तेही वेगवेगळं गाठून!"

"मग? जुळली ना?" दादा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

अशा माणसाने जुनी गाडी घ्यायची म्हणजे काय होईल ते सांगायला नको. घेतली, पण सहा महिने घोळवून. लांबुडकी, शांत चालणारी, आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर जाणारी, म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह. घेतली ती लेकीसाठी. लेक जनावरांची डॉक्टर झाली. पहिली नोकरी लागली घाटापलीकडच्या गुरांच्या दवाखान्यात, येत्या सोमवारपासून. रोज जाऊन-येऊन करायचं ठरलं. घाट वर्षातले बरेच महिने ओला असतो, सकाळी गारठा असतो, आणि वळणं अशी की समोरचा दिसेपर्यंत अंगावर आलेला असतो.

आणि नेमकं आदल्या मंगळवारी, गाडी कडेला लावताना, पुढच्या डाव्या चाकाचा टायर फुटपाथच्या दगडावर घासून बाजूने चिरला. बाजूने चिरलेल्या टायरला पंक्चरचं ठिगळ चालत नाही. तो टाकूनच द्यावा लागतो.

"ताई, तुम्ही जा हो यांच्याबरोबर," वहिनीने मला फोन केला. "एकटे गेले तर भांडून येतील." मी पलीकडच्याच गल्लीत राहते. शिवाय दादा ऐकलं तर माझंच थोडंफार ऐकतो. पन्नाशीला टेकले तरी त्याच्यासाठी मी अजून चिमीच आहे.

बुधवारी आम्ही स्टेपनी लावून गेलो. टायरचं दुकान एक बाई चालवत होती. पत्र्याची शेड, भिंतीला छतापर्यंत रचलेले टायर, हवेच्या मशीनची धडधड, आणि रबराचा असा वास की दुपारचं जेवण आठवेना. बाई पंचेचाळिशीची असेल. केसांचा घट्ट अंबाडा, हात कोपरापर्यंत काळे. ती गाडीभोवती फिरली, उरलेल्या तीन टायरांच्या खाचांत खोली मोजायचा एक बारीक गेज घालून बघत गेली आणि म्हणाली, "काका, चारही बदलावे लागतील."

दादाने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला पाठ आहे. पाल चुकचुकली की तो असा बघतो.

"चिरलाय एक," तो म्हणाला.

"हो. पण ही गाडी चारही चाकं एकत्र ओढते. एक नवा घातला की तो मोठा, तीन झिजलेले लहान. लहान चाक जास्त फिरतं. तो फरक मधल्या गिअरवर येतो आणि काही महिन्यांत तोच जातो. दोन मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. नव्याची खाच आठ. तुमचे राहिलेत साडेचार."

दादाने शांतपणे खिशातून स्वतःचा गेज काढला. पितळी, छोटा, खाली सुईसारखी कांडी. रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेला. तो उकिडवा बसला, टायरमध्ये कांडी घातली, चष्मा वर केला. "साडेसहा," म्हणाला. दुसऱ्यावर, साडेसहा. तिसऱ्यावरही. मग गुडघ्यावर हात देऊन उठला आणि शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, तुमचं माप खोटं आहे."

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं मोबाइलमधून वर बघायला लागली. बाईचा चेहरा हलला नाही.

"माझं माप खोटं वाटतंय तर दुसरीकडे दाखवा," ती म्हणाली आणि पाना घेऊन पुढच्या गाडीकडे वळली.

खरं सांगते, मलाही तिचा संशय आला. खरी असती तर चिडली नसती का? एवढं शांत राहायला सराव लागतो, असं मनात आलं.

आम्ही आणखी दोन दुकानं पालथी घातली. दुसऱ्या दुकानात पाय ठेवतो तोच तिथला फोन वाजला. दुकानदार आमच्याकडे बघत "हं, हं" एवढंच बोलला. मोजलं, साडेचार. "चारही घ्या." तिसऱ्या दुकानातही साडेचार. निघताना तिथल्या कामगाराने सहज सांगितलं, की पहिल्या दुकानातली बाई म्हणजे त्याच्या मालकाची वहिनी.

गाडीत बसल्यावर दादाचा चेहरा उजळला होता. कित्येक महिन्यांत एवढा खूश दिसला नव्हता. "पाहिलंस, चिमे? दीर-भावजय! तिघांचे गेज एकाच ठिकाणी घासून आणलेत."

"अरे, तिघांचंही माप सारखंच आलं म्हणजे ते खरंही असू शकेल ना?"

"खोटं सारखंच असतं. खऱ्यात थोडा फरक पडतो." बत्तीस वर्षांच्या नोकरीतलं शहाणपण त्याने माझ्यापुढे ठेवलं.

शुक्रवारी घरात भडका उडाला. दादाने जाहीर केलं, की एकच टायर घेणार. साडेसहा आणि आठमध्ये फरक दीडचा, म्हणजे त्या बाईच्याच नियमात बसतंय. लेक दवाखान्याची बॅग भरत होती. तिने ती खाली ठेवली.

"बाबा, तीन जणांनी साडेचार सांगितलंय."

"तिघं एक आहेत."

"आणि तुम्ही एकटे बरोबर?"

"माझ्या मापाने मोजलंय मी."

"मग त्या गाडीतून मी घाटात जाणार नाही. दवाखान्याशेजारच्या आजी खोली देतायत. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत हो म्हणायचंय. मी हो म्हणते."

वहिनी ओट्यापाशी भांडी विसळत होती. नळ चालू राहिला, भांड्यांचा आवाज थांबला. लेक रोज संध्याकाळी घरी यावी एवढ्यासाठीच तर दादाने गाडी घेतली होती. ती पलीकडे राहायला गेली तर या घरात दोन माणसं, आणि मोजायला फक्त दूध.

"मला खरं सांगा," लेक हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला टायर नकोत, का मीच जायला नकोय?"

"काहीतरीच काय!" दादा ओरडला. मग म्हणाला, "उद्या चल माझ्याबरोबर. दोन्ही मापं समोरासमोर ठेवू. तुझ्या डोळ्यांदेखत त्या बाईला उघडं पाडतो."

शनिवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. बाई टेबलाशी बसून चहा पीत होती. टेबलावर काच, काचेखाली लोकांची कार्डं. आम्हाला बघून ती म्हणाली, "आलात काका? आज फौज घेऊन?"

"आज साक्षीदार घेऊन," दादा म्हणाला आणि खिशातला गेज काचेवर ठेवला. "तुमचाही आणा."

तिने आणला. दादा टायरकडे निघाला, तर लेकीने त्याचा हात धरला.

"बाबा, थांबा. आधी रिकामं पारडं."

"म्हणजे?"

"मोजायच्या आधी शून्य बघायचं. तुम्हीच शिकवलंत ना?"

तिने बाईचा गेज उचलला, काचेवर उभा टेकवून दाबला. खाच नाही, खोली नाही. शून्यच यायला हवं. शून्य आलं. मग तिने दादाचा पितळी गेज तसाच काचेवर दाबला, वाचला, आणि दादापुढे धरला.

दादाने चष्मा वर केला. तिच्या हातातून गेज घेऊन स्वतः दाबला. मग काच रुमालाने पुसून पुन्हा दाबला. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. रेघ दोनवर होती. खालच्या कांडीचं टोक तुटलेलं होतं, नख कापावं तेवढंच. कांडी जेवढी आखूड झाली तेवढं माप प्रत्येक वेळी जास्त दाखवत होतं. साडेसहातून दोन गेले.

बत्तीस वर्षांत त्याने किती काटे शून्यावर नाहीत म्हणून जप्त केले असतील, देव जाणे. स्वतःच्या खिशातल्याची तपासणी त्याने एकदाही केली नव्हती. करावी असं डोक्यातच आलं नव्हतं. संशय नेहमी टेबलाच्या पलीकडच्या माणसावर घ्यायचा, अलीकडे तर आपणच असतो ना!

मला वाटलं, आता काहीतरी पळवाट काढेल. त्याने काढली नाही. बाकावर त्या दिवशीही तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्याकडे आणि बाईकडे वळून, बुधवारी बोलला तेवढ्याच मोठ्याने तो म्हणाला, "माप माझं खोटं होतं. बुधवारी मी यांना खोटं म्हणालो, ते परत घेतो."

बाईने चहाचा कप बाजूला सरकवला. "बसा काका. आता टायर बघायचे, का अजून भांडायचंय?"

दादा खुर्चीवर बसला. दुकानातल्या खुर्चीवर बसलेला दादा मी पहिल्यांदाच बघत होते.

तिने दोन प्रकारचे बारमाही टायर समोर आणले. दादाने लगेच नाक मुरडलं. "बारमाही म्हणजे काय? सगळ्या ऋतूंत चालतं म्हणजे कुठल्याच ऋतूत धड चालत नाही."

"तुमच्या पायातली चप्पल पण तशीच आहे की, काका," बाई म्हणाली. लेक फसकन हसली. "हा एक कडक रबराचा. जास्त वर्षं जाईल. हा दुसरा मऊ, लवकर झिजेल, पण ओल्यात आणि गारठ्यात रस्ता धरून ठेवतो. यातल्या आडव्या बारीक चिरा बघा, त्या त्यासाठीच."

"लवकर झिजला की तुम्ही पुन्हा विकणार."

"विकणार की. तोवर ती रोज घरी आलेली असेल."

लेकीने दोन्ही टायरांवर अंगठा दाबून बघितला, गुरांचं पोट तपासावं तसा. "मऊ घेऊ," म्हणाली. "मापाचे आकडे गाडीच्या दारावरच्या चिठ्ठीशी जुळवून घ्या, मावशी."

चार टायर खाली आले आणि दादा उठलाच. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला त्याचे. दादा एकेकासमोर वाकला. तीन एकाच महिन्यातले निघाले. चौथा अडीच वर्षं आधीचा.

"हा जुना आहे," तो म्हणाला. या वेळी हळू.

बाईने वाकून बघितलं. "अरेच्चा. माळ्यावरचा खाली आला वाटतं." तिने दुसरा काढून आणला, दादाने त्याचेही आकडे वाचले आणि मान हलवली. तो जुना टायर चुकून आला होता की गिऱ्हाईक वाचणार नाही म्हणून आला होता, ते मला आजही सांगता येत नाही. तिच्या चेहऱ्यावर तेव्हाही काही हललं नव्हतं.

टायर बसले, चाकांची दिशा सरळ करून झाली. पाचला दहा मिनिटं कमी असताना लेकीने शेडबाहेर जाऊन फोन लावला. "आजी, खोली नको मला. घरून येईन." दादा गाडीच्या पलीकडे उभा राहून रुमालाने हात पुसत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

घरी आल्यावर त्याने गेज वहिनीसमोर ठेवून हकीगत सांगितली. वहिनीने एकदा गेजकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"या कांडीने ना," ती म्हणाली, "मी गॅसच्या बर्नरची भोकं साफ केली होती. टोक आतच राहिलं."

"कधी?"

"झालं असेल वर्ष."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चौकशी बसवली असती!"

दादाने बर्नर काढून आणला. तुटलेलं टोक खरंच आत होतं. ते त्याने चिमट्याने काढलं, तळहातावर घेतलं, आणि वहिनीवर चिडायचं सोडून खो खो हसत सुटला. वहिनी तेवढ्यात तिथून सटकली.

सोमवारी मी मुद्दामच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. दिवसभर झिमझिम चालू होती. दादा चारपासून फाटकापाशी उभा होता, छत्री घेऊन, वर्तमानपत्र वाचण्याचं नाटक करत. वर्तमानपत्र ओलं होऊन दुमडलं होतं. सहाला पाच कमी असताना गाडी वळणावर दिसली. त्याने ती दिसताक्षणी पहिल्यांदा टायर बघितले, मग काच, मग काचेमागचा चेहरा.

लेक उतरली. बुटांना शेण, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर हसू.

"घाट?" दादा म्हणाला.

"ओला होता. एका वळणावर मातीही वाहून आली होती."

"सरकली?"

"नाही."

"जराही?"

"बाबा! नाही म्हटलं ना."

तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता विचारेल, कुठल्या वळणावर, किती वेगाने. त्याने विचारलं नाही. तिची बॅग घेतली.

"उद्या सहाला निघायचंय," लेक म्हणाली. "एक गाय व्यायला झालीय, अवघड आहे."

"बरं. मी सकाळी गाडी पुसून ठेवतो."

"पुसून, का तपासून?"

"दोन्ही," दादा म्हणाला.

तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि वहिनीला हाका मारत आत गेली.