कॉलरमधलं लिनन

सगळी गल्ली तिला सुई म्हणायची. अंगानं काडी, जिभेनं टोचरी आणि बाप शिंपी, त्यामुळे दुसरं नाव शोधायचे कष्ट कुणी घेतलेच नाहीत. गल्लीत सगळेच कुठून कुठून येऊन टेकलेले. खालच्या न्हाव्याची भाषा समोरच्या बेकरीवालीला कळत नसे, पण भांडणाच्या वेळी दोघांचंही कधी अडलं नाही. यहुद्यांची घरं मोजकीच होती आणि त्या घरांतले सगळे कोट सुईच्या बाबांच्या हातचे होते.

लोकर आणि लिनन एकाच कपड्यात अंगावर घालायचं नाही, ही त्यांच्या धर्माची आज्ञा. वरून कोट शुद्ध लोकरीचा दिसतो, पण कॉलर ताठ राहावी म्हणून आत जे जाड कापड घालतात, ते नेमकं लिनन निघतं. बाबा तिथे सुतीच घालत. दुसरीकडून आणलेले कोटही ते उसवून, तपासून देत. त्यांनी ‘घाला’ म्हटलं की लोक डोळे मिटून घालत. घरची चूल या विश्वासावर पेटत होती.

आणि बाबांचे डोळे जात चालले होते. दोरा ओवायचं काम हळूहळू सुईकडे आलं, तेव्हाच तिला ते उमगलं. आईनं तिला एकदा बाजूला घेऊन बजावलं होतं, “बाबांपुढे डोळ्यांचा विषय काढायचा नाही. खचतील ते.” सुईनं एरवी कुणाचं ऐकलं नसतं, पण हे ऐकलं.

त्या शुक्रवारी ती दुकान झाडत होती. सूर्य बुडाला की शब्बाथ लागणार. मग कातर नाही, सुई नाही, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कसलंच काम नाही. बाबा अंघोळीला गेले होते. टेबलाखाली जाड कापडाची एक कातरण सापडली. सकाळी भोंगाकाकांना दिलेल्या नव्या कोटाची. तिनं सवयीनं एक धागा ओढला, जिभेवर ओला केला आणि तोडला. सुताचं तुटलेलं टोक पिंजारतं. हे लिननसारखं टोकदार होतं.

तिनं दुसरा धागा तोडला, मग तिसरा. भोंगाकाका म्हणजे प्रार्थनागृहात पुढे उभं राहून प्रार्थना म्हणणारे. थोड्या वेळात ते सगळ्यांच्या देखत तोच कोट घालून उभे राहणार होते. बाबांना सांगावं, तर डोळ्यांचं बोलणं आलंच. न सांगावं, तर काकांच्या माथी पाप. तिनं छोटी कातर उचलली आणि धूम ठोकली.

काका कोट घालून तयारच होते.

“काका, कोट काढा जरा. कॉलरचा टाका सैल राहिलाय.”

“मला नाही दिसला.”

“मानेमागचा कसा दिसेल?”

काका हसले आणि त्यांनी कोट काढून दिला. ती खिडकीशी बसली. कॉलरची आतली बाजू उसवली. आतलं कापड असंख्य बारीक टाक्यांनी धरलेलं होतं; बाबांनी एकही टाका हयगयीनं घातला नव्हता, याचाच तिला राग आला. ऊन आता समोरच्या धुराड्यापुरतं उरलं होतं. आतल्या खोलीत काकू शब्बाथच्या दिव्यांपाशी काडी ओढायच्या बेतात होत्या; दिवे लागले की काम बंद.

“जरा थांब गं,” काका काकूंना म्हणाले. ते आता हसत नव्हते. सुईच्या हातातलं कापड त्यांनी पाहिलं होतं.

“बाबांना ठाऊक आहे?”

तिनं मान खाली घातली. हात मात्र थांबवले नाहीत. शेवटचा टाका तुटला, आतलं सगळं बाहेर आलं. चार मोठे टाके घालून तिनं कॉलर मिटवली आणि कातर खिडकीत ठेवली. काकूंनी दिवे लावले. काकांनी कोट चढवला. कॉलर मानेवर ओल्या फडक्यासारखी लोळत होती.

“बरं झालं,” ते म्हणाले. “गळा मोकळा राहील.”

प्रार्थनेत ती वर बायकांच्या सज्जात बसली आणि सगळा वेळ बाबांकडे बघत राहिली. बाबांना एवढ्या लांबून काही दिसणारच नव्हतं, हा तिचा दिलासा होता आणि त्याचंच तिला रडू येत होतं. पण प्रार्थना संपल्यावर बाबांनी नेहमीसारखा काकांच्या खांद्यावर हात ठेवला. बोटं कॉलरवर गेली आणि तिथेच थांबली. सुईच्या हातचे ते चार मोठे टाके त्यांनी एकेक करून चाचपले.

घरी जाताना आई पुढे होती. बाबा हळू चालत होते.

“लिनन होतं?”

“हो.”

“मला नाही दिसलं.” थोडं चालून ते म्हणाले, “मला दिसत नाही गं हल्ली.”

“माहीत आहे मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“आई म्हणाली होती, तुमच्यापुढे विषय काढायचा नाही. तुम्ही खचाल.”

बाबा थांबले. पुढे चाललेल्या आईच्या पाठीकडे त्यांनी पाहिलं.

“मलाही तिनं तेच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “पोरीपुढे काढू नका, म्हणाली. खचेल.”

रविवारी सकाळी सुई दुकानात आली तेव्हा बाबांनी आपली खुर्ची खिडकीपासून आत ओढून घेतली होती. खिडकीशी तिचं स्टूल होतं आणि त्यावर तपासायला आलेला एक कोट.