आगाऊ हप्ता

आमची मुलगी आठव्या महिन्यातच जन्माला आली, आणि त्यानंतर तिनं कुठल्याच गोष्टीसाठी वाट पाहिली नाही. दात लवकर, चालणं लवकर, उलट उत्तरं तर सगळ्यांत लवकर. गोंडपिपरीला आमच्या घराचं बांधकाम चालू होतं तेव्हा ती चार वर्षांची होती. मिस्त्रीनं दाराची पायरी घोटून गुळगुळीत केली आणि विडी पेटवायला पाठ फिरवली, तेवढ्यात हिनं ओल्या सिमेंटवर उजवा पंजा दाबला. अगदी मनगटापर्यंत. मिस्त्री भडकला. "लय आगाऊ पोट्टी होय बाई तुमची," म्हणाला आणि थापी घेऊन परत घोटायला बसला. मी म्हटलं, "राहू द्या." खरं सांगायचं तर त्या शब्दाचा मला अभिमान होता. मी मास्तरीण; वर्गात आगाऊ पोरांचे कान पिळायचे आणि घरी स्वतःच्या आगाऊ पोरीचं कौतुक करायचे.

पंजा राहिला. दोन वर्षांनी श्रावणात तिला ताप आला. एसटीनं चंद्रपूरला नेली. ताप मेंदूत गेला होता. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघंच परत आलो.

घर तोवर आमचं नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, नवरा जंगलखात्याच्या लाकूड डेपोत कारकून. दोघांच्या पगारावर चंद्रपूरच्या एका बँकेनं पंधरा वर्षांचं कर्ज दिलं होतं आणि घराचे कागद गहाण ठेवून घेतले होते. पगाराला बांधलेलं घर म्हणून आम्ही हसायचो. ती गेल्यावर हसू थांबलं. माझ्या डोक्यात एकच भीती बसली की हप्ते थकले तर बँक घर घेईल, नवा मालक येईल आणि पायरी फोडून तिथं फरशी बसवेल. रात्री नाही, भर दुपारी वर्गात फळ्यावर लिहिताना मला हातोड्याचे घाव ऐकू यायचे.

रोज सकाळी मी पायरी धुवायचे. उन्हानं बाकी पायरी लगेच वाळायची, पण पंजाच्या खोलगट जागेत पाणी थांबायचं. पाच बोटं ओली दिसायची, जणू ती आत्ताच हात धुऊन तिथं टेकून आत पळाली असावी. मग मला ती दिसायची. झाकून कशाला ठेवू, दिसायची. दाराच्या कडेला, एक पाय दुसऱ्यावर घासत, फ्रॉकचा पट्टा सुटलेला. शेवटचं बोट वाळलं की नसायची. हे सांगायचं कोणाला? माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, उतारा या सगळ्याला बंदी. मी स्वतः मुलांना शिकवायचे की भूत नसतं. तेव्हा मी गप्प राहिले, आणि पायरी जास्त पाणी घालून धुवायला लागले.

माझ्या नवऱ्याचं वेगळंच होतं. तो त्या पायरीवर पाय देत नसे. खालच्या जमिनीवरून थेट उंबऱ्यावर लांब ढांग टाकायचा, हातात पिशव्या असल्या तरी. मला वाटायचं, लेकीच्या हातावर पाय कसा द्यायचा म्हणून. त्या एका ढांगेसाठी मी त्याचे शंभर गुन्हे माफ केले.

दर आठवड्याला सरपणाची मोळी घेऊन एक बाई यायची, जंगलातल्या गावची, माझ्याच वयाची. मोळी उतरवली की ओट्यावर बसून चहा प्यायची. एकदा पंजाकडे बोट करून तिनं विचारलं, "हा कोनाचा हात होय बाई?" मी सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माहं बी एक गेलं. आमी तं ते झोपडीच सोडून देल्ली. तिकडं नदीकडे दुसरी बांधली. तिथी राहून जीव लागे ना."

मला राग आला. रागीट मी पहिल्यापासूनच. "तुमची कुडाची झोपडी," मी म्हटलं, "उचलली की झालं. हे हप्त्याचं घर आहे. बँकेचा बोजा उतरल्याशिवाय विकता येत नाही की सोडता येत नाही." बोलून गेले आणि लाजले. तिनं पैसे मोजून घेतले आणि गेली. नवरा आत खुर्चीवर दाढी करत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात तो म्हणाला, "आपन कर्ज लवकर फेडून टाकू."

माझा जीव भांड्यात पडला. मी काही न सांगता याला माझ्या मनातलं कळलं, असं मला वाटलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्या दिवशी मी त्याच्यावर नव्यानं जीव टाकला. हे लिहिताना आज हसू येत नाही.

मग सुरू झाली ओढाताण. चहाच्या रिकाम्या डब्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: किराणा, दूध, वीज, रॉकेल, विमा, आणि सगळ्यांत मोठा डबा बँकेचा. माझा पगार कधीच वेळेवर होत नसे, त्यामुळे एका डब्यातून काढून दुसऱ्यात टाकणं हेच महिनाभर चालायचं. दूध निम्म्यावर आणलं. वीजबिल शेवटच्या तारखेला, तेही दुपारी खिडकी बंद व्हायच्या आत. किराणावाल्याला एक महिना पूर्ण, एक महिना अर्धे. तो तोंडावर बोलत नसे, पण माझी पिशवी भरायला सगळ्यांत शेवटी घ्यायचा. दिवाळीला साडी घेतली नाही. हिवाळ्यात वडशाच्या नाटक कंपन्या गावात आल्या की पूर्वी आम्ही तिघं पुढच्या रांगेत बसायचो. आता तंबूबाहेरून गाणी ऐकून घरी यायचो. नवऱ्यानं कित्येक वर्षांपूर्वी स्कूटरसाठी नंबर लावला होता. तो नंबर लागल्याचं पत्र आलं त्या दिवशी त्यानं पत्र दोनदा वाचलं, आणि डेपोतल्या एका ठेकेदाराला नंबर जास्तीचे पैसे घेऊन विकून टाकला. आयुष्यभर सायकल मारत राहिला. मला वाटायचं, बाप असावा तर असा.

डेपोच्या कामानं तो महिन्यातून एकदा चंद्रपूरला जायचा, तेव्हाच बँकेत भरणा करायचा. भरणा पावती मात्र मी लिहून द्यायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. नेहमीचा हप्ता एका पावतीवर, जास्तीची रक्कम दुसऱ्या पावतीवर. या दुसऱ्या पावतीवर तपशिलात काय लिहायचं? पहिल्या वेळी मी पेन धरून थांबले आणि मग लिहिलं, आगाऊ हप्ता.

हा शब्द दोन वर्षांत माझ्या तोंडून निघाला नव्हता. शाळेतही नाही, पोरं आगाऊपणा करायची आणि मी "चावट" म्हणायचे. पण कागदावर लिहिताना वाटलं की तिला हाक मारली. तेव्हापासून पगार झाला की मी आधी ती पावती लिहायचे, वळणदार अक्षरात, सावकाश. महिन्यातून एकदा तिचं नाव घ्यायची ती माझी रीत झाली.

सव्वा वर्षानं खात्याचा उतारा मागवला, तर व्याज होतं तेवढंच होतं. काहीतरी चूक असणार म्हणून आम्ही दोघंही चंद्रपूरला गेलो. खिडकीवरच्या कारकुनानं आमच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. माणूस सज्जन होता, वैतागला नाही. म्हणाला, "बाई, तुमी आगाऊ हप्ता लिहिलं ना, म्हणून ते पैसे पुढच्या महिन्यांचे हप्ते म्हणून वेगळे धरून ठेवले. कर्जातून कमी नाई केले. मुद्दलात जमा असं लिहायला पायजे होतं." एवढे दिवस आमचे पैसे नुसते पडून होते आणि आम्ही पूर्ण रकमेवर व्याज भरत होतो. निम्मं दूध, न घेतलेली साडी, सगळं एका शब्दापायी वाया गेलं होतं.

बँकेबाहेर नवरा माझ्यावर ओरडला. भर रस्त्यात, पानठेल्यावरची माणसं बघत असताना. असा तो कधी ओरडत नसे. "आगाऊ! आगाऊ! काऊन लिहिलं तू ते? दुसरा शब्द नव्हता का तुह्याजवळ? एक वर्ष गेलं माह्यं! अजून एक वर्ष मले तिथी..." इथं त्यानं तोंड मिटलं. मला वाटलं, पैशांचा राग आहे. मीही कमी नाही, मीही म्हटलं, "तुमी पावत्या घेऊन जात होते, तुमी काऊन नाई वाचल्या?" तो म्हणाला, "मी तो शब्द वाचू नाई शकत." बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. त्या अर्ध्या वाक्याचा मी तेव्हा विचार केला नाही, आणि हीच माझी खरी चूक. पावतीवरची चूक त्यापुढे काहीच नव्हती.

पुढे मी निमूटपणे "मुद्दलात जमा" लिहीत राहिले. आणखी तीन वर्षं लागली. शेवटच्या खेपेला माझी एकदाणी मोडली. लग्नात आईनं घातलेली. सोनाराच्या दुकानातून बाहेर पडताना मला रडू आलं नाही, उलट पायांत बळ आलं. आता पायरीला कोणी हात लावू शकत नव्हतं.

बोजा उतरला त्या दिवशी परत आम्ही दोघं बँकेत. तोच कारकून, आता केस पांढरे झालेला. त्यानं शिक्के मारले, घराच्या जागेचं मूळ खरेदीखत पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं. मी ते दोन्ही हातांनी उचललं. आणि तो माझ्या नवऱ्याकडे बघून खुशीत म्हणाला, "चला भाऊ, तुमचं काम झालं. आता घर घेनाऱ्या त्या वडशाच्या धानवाल्याले सांगून द्या, घराचे कागद मोकळे झाले म्हणून."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलावरच्या पाकिटाकडे पाहत होता.

बसस्टँडवर बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. मी विचारलं, "कधीपासून?"

"ते मोळीवाली बोलली तवापासून," तो म्हणाला. "तू म्हनली, बोजा उतरल्याशिवाय घर सोडता येत नाई. मंग मी ठरवलं, उतरवू."

म्हणजे मोळीवाली बोलल्यापासूनची ती सगळी वर्षं आम्ही एकाच डब्यात पैसे टाकत होतो, मी घर राखायला आणि तो घर सोडायला. अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेजारी बसलेली माणसं उठून दुसरीकडे गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मी थांबल्यावर म्हणाला, "मले ते दिसते."

मी त्याच्याकडे वळले.

"सकाळी. तू पायरी धुतली का दारापाशी उभी राह्यते. फ्रॉकचा पट्टा लोंबून राह्यते तिचा. पट्टा बांधून द्या म्हनते मले. मी कसा बांधू? म्हनून मी उडी मारून आत जातो. तिच्याकडे पाहूच नाई शकत मी."

पट्ट्याबद्दल मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सहा वर्षं आम्ही एकाच दारात उभे राहून एकाच पोरीला बघत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच. ती ढांग आदराची नव्हती, भीतीची होती. आणि मी रोज जास्त पाणी घालून ती त्याच्यासमोर उभी करत होते. माझा राग कुठं गेला कळलं नाही. मला फक्त त्याची दया आली, आणि स्वतःची लाज वाटली.

गोंडपिपरीला उतरलो तेव्हा ऊन कलतं होतं. पायरीपाशी आलो आणि मी मनाचा हिय्या करून खरेदीखत त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "विकून टाका. त्या माणसाले उद्याच बोलवा. मी काई नाई म्हननार." मनापासून म्हटलं. माणूस जिता होता. त्याला आणखी किती वर्षं तसं ठेवायचं?

त्यानं कागद घेतले. लांब ढांग टाकायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग तिथंच, पायरीच्या खाली, जमिनीवर उकिडवा बसला. पंजात सकाळचं पाणी केव्हाच वाळलं होतं, बोटांत थोडी धूळ होती. त्यानं फुंकर घालून ती काढली.

"आपन गेलो," तो म्हणाला, "तं मंग ते कोनाले दिसन वं?"

वडशाच्या माणसाला पत्र मी लिहिलं. घर विकायचं नाही एवढंच लिहिलं, कारण लिहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पायरी तो धुवायला लागला.