अर्जातले अकरा हजर

आमच्या करडवाडीत देवस्थानं किती, म्हणून विचारलं तर मला बोटं मोजावी लागतात. मारोती, महादेव, मरीआई, बसवण्णाचं देऊळ, वस्तीतलं विहार अन् नाल्याकडंचा दर्गा. घरं दीडशे, देवस्थानं सहा. अन् शाळा एक. जिल्हा परिषदेची, दोन खोल्या, पहिली ते चौथी. तर गावातल्या शहाण्यांना काय वाटलं, देवाला जागा कमी पडून राहिली. म्हणून ते शाळेत घुसले.

मी धोंडाबाई. त्या शाळेत सतरा वर्षं खिचडी शिजवली. पण गोष्ट माझी न्हाई, आमच्या नरसिंग गुरुजींची हाय. देगलूरकडचा माणूस, उदगीरला भाड्यानं राहायचा अन् स्कूटीवर बारा किलोमीटर यायचा. नाव देवाचं, घरात बुद्ध, अन् शाळेत निस्ता फळा. कुणी विचारलं, "गुरुजी, शाळेत एखादा देव ठेवा की," तर म्हणायचे, "आहेत की सत्तावीस. रोज जेवतात, रोज भांडतात. आणखी कुठं ठेवू?"

एकच सोवळं होतं त्यांचं. हजेरी. दहाचा ठोका पडला की वही उघडायची अन् एकेक नाव घ्यायचं. लेकरानं उभं राहायचं, मान वर करायची, गुरुजींच्या डोळ्यांत बघायचं अन् मोठ्यानं म्हणायचं, "हजर." बसून म्हणलेलं चालायचं न्हाई. माझी नात सृष्टी पहिलीत लई लाजायची, पायाकडं बघून पुटपुटायची. गुरुजी पंधरा दिवस तिला रोज म्हणायचे, "जमिनीला काय सांगतेस? मला सांग." मग एक दिवस अशी ओरडली की माझ्या हातातला डाव खाली पडला. अन् कुणी हजर न्हाई म्हणलं, की गुरुजी दुपारी त्याच्या घरी. घरी न्हाई तर शेतात. लोकाच्या सोयाबीनमधून लेकरं शोधून आणलीत त्या माणसानं.

मलाबी त्यांनीच सही शिकवली. आधी तांदळाच्या पावतीवर मी अंगठा उठवायची. ते म्हणाले, "धोंडाबाई, सत्तावीस लेकरं तुम्हाला बघून राहिलीत, लाज वाटती का न्हाई?" चुलीपुढं बसवून, कोळशानं फरशीवर गिरवून घेतलं. ती सही पुढं मी कुठं केली ते ऐकलं तर तुम्ही माझ्या तोंडाकडं बघणार न्हाईत. सांगते.

गेल्या वर्षी आषाढात व्यंकटरावांच्या मोबाईलात एक निरोप आला. व्यंकटराव म्हंजे आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष. त्यांची दोन्ही नातवंडं उदगीरला इंग्रजी शाळेत, पिवळी बस दारात येती. तरी अध्यक्ष इथले. ज्याचं लेकरू शाळेत न्हाई त्यालाच शाळेची लई काळजी, हा आमच्या गावचा रिवाज हाय. तर मोबाईलात काय आलं? हजर हा शब्द आपला न्हाई, परका हाय, निजामाच्या राजवटीतनं आलाय.

झालं! समितीच्या बैठकीत व्यंकटराव उभे राहिले. डोळ्यांत पाणी. "आपली लेकरं रोज सकाळी उठून निजामाला हजेरी देऊन राहिली! अन् आपण बसलोत बिड्या फुकत!" निजाम जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण आमच्या शाळेत त्याची हजेरी चालू होती, अन् सगळ्यांत आधी पत्ता लागला तो व्यंकटरावांना. लेकरांनी हजर न म्हणता जय श्रीराम म्हणावं, असं ठरलं. अर्ज लिहिला. सह्या सुरू झाल्या.

"धोंडावैनी, तू शाळेतलं माणूस. तुझी सही पहिली पाहिजे."

मलाबी वाटलं, रामाचं नाव घेतलं तर काय बिघडतंय? मी तर उठताबसता घेते. खरं सांगू का, अध्यक्षानं पहिली सही मागितली ह्याचंच मला लई अप्रूप वाटलं. पदर सावरला अन् चांगली ठळक सही ठोकली. गुरुजींनी शिकवलेली, गुरुजींच्याच विरोधात. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी बाई कशी असती ते बघायचं असलं, तर मला बघा.

अर्ज गुरुजींच्या हातात दिला. त्यांनी मोठ्यानं वाचला, मी दारातच होते. "मेहरबान साहेब, अर्ज करण्यास कारण की, शाळेत हजर हा निजामाचा शब्द चालू असल्याने आमच्या धर्माची इज्जत जाऊन राहिली आहे. तरी हा शब्द फौरन रद्द करून जय श्रीराम मंजूर करावे, ही विनंती. न केल्यास आम्ही जिल्ह्याच्या दफ्तरासमोर जाहीर निषेध करू. खाली सह्या."

गुरुजींनी खिशातलं लाल पेन काढलं. लेकरांची वही तपासावी तशा रेघा मारल्या. मेहरबान, साहेब, अर्ज, इज्जत, फौरन, रद्द, मंजूर, जिल्हा, दफ्तर, जाहीर. अन् शेवटी सह्या. मग म्हणाले, "व्यंकटराव, एक हजर घालवायला तुम्ही अकरा हजर आणले. हे सगळे निजामाच्याच दारातून आलेत. ह्यांना घालवून शुद्ध करून आणा, मग बघू."

पोरं खिदळली. मीबी पदर तोंडाला लावला. तिथंच चुकलं बगा गुरुजींचं. आमच्या गावात माणसाला शिवी द्या, चालती, संध्याकाळी एकाच ओट्यावर बसतो. पण चारचौघांत त्याची वही तपासू नका. व्यंकटराव लालबुंद झाले. बाहेर येऊन म्हणाले, "शेवटी हा त्यांचाच माणूस."

त्यांचा म्हंजे वस्तीतल्यांचा. पण वस्तीत तरी कोण खूश होतं? तिथला आनंदराज, पंचायतीचा मेंबर, दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. "ते श्रीराम म्हणणार असतील तर आमची लेकरं जय भीम म्हणतील." गुरुजी म्हणाले, "घरी मीबी म्हणतो. पण इथं मी फक्त एवढंच विचारतो, की लेकरू आलंय का न्हाई." आनंदराज तोंड वाकडं करून गेला. म्हणाला, "हे आपलं माणूसच न्हाई." वरच्या आळीचा मल्लिनाथ कशाला मागं राहतोय? त्याची लेकरं बसवण्णावाल्यांचं शरणु शरणार्थी म्हणू लागली. तीन तिगाडा, काम बिगाडा.

मग हजेरीची काय मजा सांगू! एक नाव घेतलं की एक घोषणा. एकानं जोरात म्हणलं की दुसरा त्याच्यापेक्षा जोरात. तिसऱ्या नावाला धक्काबुक्की, सातव्या नावाला रडारड. दहा मिनटांची हजेरी पाऊण तासावर गेली. मुलाण्याची शबाना तेवढी काहीच म्हणायची न्हाई, निस्तं बोट वर करायची. तिच्या बापानं सांगितलं होतं, तू गप बस. आमची सृष्टी मला विचारायची, "आज्जे, आज कुणाचं म्हणू? शेजारी बसती ती चिमटा काढती." गुरुजींनी सगळ्यांना एकच सांगितलं, "देव घरी. इथं हजर." अन् मग काय आक्रीत झालं? तीस वर्षांत गावाचं कशावर एकमत झालं न्हवतं, ना पाण्यावर, ना रस्त्यावर. ते झालं. तिघंबी म्हणाले, गुरुजी वाईट.

ज्यांना परवडत होतं अशा सात जणांनी लेकरं काढली अन् पिवळ्या बसमध्ये घातली. धर्म बुडून राहिला म्हणून काढली बरं का! मी व्यंकटरावांच्या नातवाला विचारलं, "बाळा, तुमच्यात नाव घेतल्यावर काय म्हणतात रे?" पोरगं ऐटीत म्हणालं, "प्रेझेंट मिस." आता ग बया! हे चालतंय व्हय? निजामाचा शब्द जिभेला टोचतो, अन् गोऱ्या साहेबाच्या शब्दावर तूप सोडून खाऊन राहिलेत!

सत्तावीसातनं सात गेली, राहिली वीस. तेवढ्यात वरून कागद आला. सोमवारी साहेब येऊन डोकी मोजणार. वीस भरली तर शाळा राहील. कमी भरली तर बंद, अन् लेकरं पल्याडच्या गावाला जोडणार. पल्याडचं गाव चार किलोमीटर, मधी ओढा. पावसात त्या ओढ्यानं म्हशी नेल्यात. मला माझ्या चुलीची फिकीर न्हवती, कुणाच्याबी शेतात खुरपून खाईन. पण भागवत, माझा ल्योक, डाळमिलवर हमाली करतो. तो पोरीला ओढ्यापल्याड धाडणार न्हाई, हे मला ठावं होतं. शाळा गेली की सृष्टी घरी बसणार. एवढाच हिशेब होता, अन् तो कळायला शाळा शिकावी लागत न्हाई.

रविवारी गुरुजी घरोघर फिरले. व्यंकटरावांपुढं हात जोडले. आनंदराजपुढं जोडले, मल्लिनाथपुढं जोडले. "माझ्यावर राग असू द्या, साहेब गेल्यावर मला शिव्या द्या. उद्या फक्त लेकरं पाठवा." सतरा वर्षांत त्या माणसाला मी कुणापुढं वाकलेलं बघितलं न्हवतं. मला लई वाईट वाटलं. अन् गावाला काय वाटलं? गुरुजी हात जोडतोय म्हंजे साहेबाला भिऊन राहिलाय. मोजणी-बिजणी सगळं नाटक. हीच येळ हाय. उद्या एकबी लेकरू धाडायचं न्हाई, साहेबादेखत ह्याची जिरवायची. तीन आळ्यांत तीन बैठका झाल्या, अन् तिन्हीकडं एकच ठरलं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

मला ह्यातलं काही ठावं न्हवतं. मी सकाळी नऊलाच गेले, सृष्टी दहाला येणार होती. वीस जणांची खिचडी टाकली. साहेब आले, खुर्चीत बसले. दहाचा ठोका पडला, अन् शाळेत होती चार लेकरं. शबाना, अन् वीटभट्टीवरची तीन. ज्यांच्या आईबापाला कुणी अर्जावर सही मागितली न्हवती, तेवढीच आली. आमच्या भागवतनंबी आळीचं ऐकून सृष्टीला घरीच ठेवली होती.

साहेब म्हणाले, "चारच? मग हजेरी कशाला घेता?"

गुरुजी म्हणाले, "घेतो साहेब. सवय आहे."

अन् त्यांनी विसाची वीस नावं घेतली. एकेक, सावकाश. नाव घ्यायचे, दाराकडं बघायचे, थांबायचे, मग वहीत खूण करायचे. ते थांबणं मला बघवत न्हवतं. सगळं गाव जय म्हणायला सांगत होतं, अन् आता कुणीच काही म्हणत न्हवतं. मग ते म्हणाले, "सृष्टी भागवत..."

मला काय झालं कुणास ठाऊक. हातात डाव घेऊन मी दारात आले अन् ओरडले, "हजर!"

साहेब हसले. "आजी, तुमचं नाव हजेरीत आहे का?"

"न्हाई साहेब," मी म्हणाले. "अर्जात हाय."

साहेबाला काही कळलं न्हाई. गुरुजींना कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, रागावले असते तरी बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "धोंडाबाई, खिचडी करपेल."

पंधरा दिवसांनी शाळेला कुलूप लागलं. गुरुजींची बदली निलंग्याकडं झाली. जाताना सगळ्यांना भेटून गेले, व्यंकटरावांनाबी. बैल गेला अन् झोपा केला, तसं आता गाव म्हणतंय, शाळा असायला पाहिजे होती राव. पण लई दिवस न्हाई म्हणलं. आता त्या रिकाम्या खोल्यांसाठी तीन अर्ज गेलेत. एकाला मंदिर पाहिजे, एकाला विहार, एकाला मठ. खोल्या दोन, मागणारे तीन. तिन्ही अर्जांची सुरुवात 'मेहरबान साहेब' अशीच हाय म्हणतात. व्यंकटराव माझ्या सहीला आले होते. मी त्यांना अंगठा दाखवला. त्यांना वाटलं मी सही विसरले.

सृष्टी बारा दिवस पल्याडच्या शाळेत गेली. मग ओढ्याला पाणी आलं, अन् भागवत म्हणाला, पोरीची जात, कशाला जिवावर उदार व्हायचं. दोन शेळ्या घेऊन दिल्यात तिला. काल सकाळी दप्तराच्या पिशवीत भाकरी बांधली अन् तिला हाक मारली, "सृष्टे!"

पोरगी अंगणात शेळी सोडून राहिली होती. हाक आली तशी ताठ उभी राहिली, मान वर केली, माझ्या डोळ्यांत बघितलं अन् मोठ्यानं म्हणाली, "हजर."