उजव्या सोंडेचा ठसा

जूनमध्ये तीन ठसे दाखवायचे होते. एक लाकडावरून घेतलेला, एक तांब्याच्या पत्र्यावरून, एक दगडावरून. ते पसंत पडले तर मुंबईच्या कलाशाळेत मला छपाईच्या वर्गात जागा मिळणार होती. नाहीतर ड्रॉईंग मास्तर तयार करतात त्या वर्गात बसायचं, असं आमच्या गुरुजींनी सुट्टीआधी सांगितलं होतं.

आमच्या घरातून मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील, म्हणजे आबा, सुतार. रत्नागिरीच्या खाडीकाठी होड्यांची डागडुजी करायचे आणि पावसाळ्याआधी नव्या घरांची दारं-चौकटी. त्यांना दोन्ही वर्गांतला फरक मी सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मास्तर झालास तर पगार लागेल. वाईट काय त्यात?" वाईट काहीच नव्हतं. पण पहिल्या वर्षी एकदा गुरुजींनी छापाच्या यंत्रातून ओला कागद हलकेच उचलला होता, आणि खाली काळ्या पत्र्यावर मुळीच न दिसणारं चित्र कागदावर आलेलं मी पाहिलं होतं. ते मला शिकायचं होतं. हे आबांना कसं सांगावं ते कळलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

मे महिन्यात बोटीने घरी आलो तेव्हा ट्रंकेत शाईचा एक डबा, थोडे चांगले कागद आणि कोरायची चार हत्यारं होती.

दगडाचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात मिटला. शिळाछापाला लोण्यासारखा गुळगुळीत दगड लागतो, तो परदेशातून येतो. आमच्याकडे सगळा जांभा. मी एक चिरा घासून घासून पाहिला. जितका घासावा तितकी नवी भोकं उघडी पडत. आबा जाता जाता म्हणाले, "चित्र काढतोयस की चाळण करतोयस?"

मग तांबं. बाजारातल्या तांबटाकडून वीतभर पत्रा आणला. त्यावर मेण चढवलं, सुईने होडी कोरली. आता कोरलेल्या जागी तेजाबाने पत्रा खायला हवा होता. तेजाब सोनाराकडे असतं. सोनाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "सुताराच्या पोराला तेजाब कशाला? हात जाळून घेशील, मग तुझा बापूस माझ्या दारात." दिलं नाही. मी आंबट म्हणून कोकमाचं आगळ घेतलं, त्यात मीठ घातलं आणि पत्रा चार दिवस बुडवून ठेवला. काढला तेव्हा होडीच्या रेघा होत्या तेवढ्याच उथळ होत्या, पण लखलखत होत्या. आईने पत्रा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "छान निघाला की रे," ती म्हणाली. "आता देवाची ताम्हणं पण घाल त्यात."

उरलं लाकूड. आबांनी फणसाची एक फळी दिली. मी होडीचा पुढचा भाग कोरायला घेतला. हत्यार लाकडाच्या रेषेच्या आडवं गेलं की फणसाचा ढलपा निघतो, हे मला माहीत असायला हवं होतं. सुताराच्या घरात वाढलो होतो, पण शाळेच्या नादात रंधा कधी हातात धरला नव्हता. दोनदा होडीचं टोक उडालं. तिसऱ्यांदा जो ठसा आला तो होडीचा आहे हे सांगावं लागत होतं.

पावसापूर्वीची शेवटची बोट आठवड्यावर आली होती आणि दाखवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

पडवीत धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली एक गणेशपट्टी उभी होती. आमच्याकडे घराच्या दारावर चौकटीच्या मधोमध गणपती कोरतात, त्या फळीला गणेशपट्टी म्हणतात. ही आबांनी वाडीतल्या तांडेलासाठी केली होती. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य. आयुष्यभर दर्यावर काढून त्याने आता घर बांधलं होतं, आणि चार दिवसांनी वास्तुशांत होती. गणपती डाव्या सोंडेचा, पसरट आणि फळीतून थोडाच वर उठवलेला. आबा खाडीवर गेले होते. मी धोतर सोडलं. ही फळी म्हणजे तयार ठसाच आहे, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. शाई नंतर पुसता येईल असं धरून चाललो.

शाई लावली, कागद ठेवला, पितळेच्या पळीच्या पाठीने चोळला. उचलल्यावर आलेलं चित्र मला अपेक्षित नव्हतं. जिथे लाकूड उंच होतं तेवढंच उमटलं होतं: पोट, गुडघे, कानाची कड, सोंडेचं वळण. बाकी कागद पांढरा. माझ्या हातून त्या महिन्यात निघालेलं ते सर्वांत चांगलं चित्र होतं. मी ते दोरीवर वाळत घातलं आणि फळी पुसायला घासलेट घेतलं. घासलेटने शाई पातळ झाली आणि लाकडाच्या रेषांमधून आत उतरली. देव मानेपासून खाली काळा झाला.

आबा आले, आणि त्यांच्याबरोबर फळी पाहायला तांडेल आणि त्याची बायको.

आबांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "देवाला काजळ लावलंस होय रे?" ते एवढंच म्हणाले.

तांडेलाची बायको आंजर्ल्याकडची. तिचं लक्ष फळीकडे नव्हतं, दोरीवरच्या कागदाकडे होतं. "अगो बाई," ती म्हणाली, "हा तर उजव्या सोंडेचा! मेस्त्री, आम्ही डावा सांगितला होता ना? आमच्या माहेरचा उजवा हाय, त्याचं सोवळं किती कडक असतं ठाऊक हाय मला. आमच्या घरात हे तंबाखू थुंकत येणार, पोरं मासे घेऊन येणार. कसं जमायचं?"

"माझं नाव कशाला मध्ये घेतेस?" तांडेल म्हणाला.

मी ठसा उलटा येतो हे सांगू लागलो, पण शब्द अडखळले. खरं म्हणजे सोंडेचा विचार माझ्याही मनात आला नव्हता. अक्षरं उलटी कोरायची हे कलाशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. देवाबद्दल कोणी सांगितलं नव्हतं.

आबांनी दोरीवरचा कागद काढला, उलटा केला आणि उन्हाकडे धरला. मागून सोंड डावीकडे दिसली. "वहिनी, देव डावाच हाय. ह्याने त्याला पाठीकडून बघितलान."

बाईंचं समाधान झालं नाही हे दिसत होतं. तांडेल फळीवरून बोट फिरवून काळं झालेलं बोट पाहत राहिला. "आणि हे?"

"परवा न्या," आबा म्हणाले.

पुढचे दोन दिवस आबा होडीच्या कामावर गेले नाहीत. मोरी माशाची खरखरीत वाळकी कातडी घेऊन देवाचं पोट, गुडघे, सोंड घासत बसले. होड्यांचं लाकूड आमच्याकडे ह्या कातडीने गुळगुळीत करतात. मी घासू का म्हणून विचारलं. "तू बघ," ते म्हणाले. शाई पुरती गेली नाही. शेवटी काजूच्या सालीचं तेल सगळ्या पट्टीवर चढवून त्यांनी ती एकसारखी गडद केली. तांडेलाला सांगितलं, "वाळवी लागायची नाय." ते खरंही होतं.

शेवटच्या बोटीने मी दोन कागद घेऊन गेलो: माझी होडी आणि तो गणपती.

गुरुजींनी होडी बाजूला ठेवली. गणपती खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. "हे कोणी कोरलं?" त्यांनी विचारलं. 'मी' म्हटलं असतं तर तिथे खोटं ठरवणारं कोणी नव्हतं.

"माझ्या वडिलांनी."

"मग तू काय केलंस?"

"शाई लावली."

वर्गात हशा पिकला. गुरुजी तेव्हा हसले नाहीत. तांबं कोकमात घातल्याचं सांगितल्यावर मात्र हसले. म्हणाले, "आता मास्तरांच्या वर्गात बस. जागा दिवाळीनंतर भरीन. तोवर तू कोरलेलं काही चांगलं आण."

मी घरी कळवलं. आबांना लिहिता येत नव्हतं; वाडीतल्या शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं कार्ड भाद्रपदात आलं. चिरंजीवास आशीर्वाद, सर्व खुशाल. तांडेलाचं दार पावसात फुगलं नाही. तांडेलीण मात्र दाराचं सोवळं पाळते, आंघोळ केल्याशिवाय घरातल्या कोणालाही उंबरा ओलांडू देत नाही, तांडेल वैतागून परसदाराने ये-जा करतो. शेवटी: दिवाळीस येणे. शाई आणू नये.

दिवाळीत शाई नेली नाही. कागद नेले. तांडेलाच्या दारी गेलो तर बाईंनी पायरीवरच थांबवलं.

"आंघोळ झालीय?"

"झालीय. पण काकी, देव डावाच आहे."

"ठाऊक हाय. पण एकदा त्याने उजवं रूप दाखवलंन ना? मग आपण कशाला विषाची परीक्षा घ्या?"

मी स्टुलावर चढून पट्टीवर पातळ कागद धरला आणि चुलीतल्या कोळशाने वरून हलकं घासलं. ह्यात चित्र उलटं होत नाही आणि लाकडाला काही लागत नाही. देव जसा होता तसा आला, डाव्या सोंडेचा. बाईंनी तो दारातल्या देवाशी ताडून पाहिला. "हा बरोबर आला," त्या म्हणाल्या.

"मग आता सोवळं सोडणार?"

"एवढे महिने पाळलं, आता कसं सोडायचं?"

आतून तांडेल म्हणाला, "सोडू नको, सोडू नको. मला परसदाराची सवय झाली."

मी वाडीतल्या, आबांनी केलेल्या इतर दारांवरूनही तसेच कागद घेतले. प्रत्येक देव वेगळा होता. कुठे आबांचं हत्यार नवं होतं ते कळत होतं, कुठे घाई. सुट्टी त्यात संपली. फणसाची दुसरी फळी आबांनी माझ्यासाठी पडवीत काढून ठेवली होती, तिला मी हात लावला नाही.

गुरुजींनी सगळे कागद एकेक करून पाहिले आणि माझ्या हातात परत दिले. "पुन्हा वडिलांचंच," ते म्हणाले. छपाईच्या वर्गातली जागा दुसऱ्याला मिळाली.

मी मास्तरांच्या वर्गात आहे. कागद ट्रंकेच्या तळाशी आहेत. कोळसा पक्का बसत नाही, उघडले की बोटांना लागतो, म्हणून फारसे उघडत नाही. फणसाची ती फळी पडवीतच आहे, असं आबांच्या परवाच्या कार्डात होतं.