परदेशात मी वारलो होतो, त्याची हकीकत

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या एका भल्यामोठ्या विमानतळावर मी वारलो. निदान माझी तशी पक्की समजूत झाली होती.

आमच्या गौराआत्याचा मुलगा तिकडे इंजिनियर. त्यानं आईला सुट्टीसाठी बोलावलं आणि सोबतीला माझी निवड झाली. कारण शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत फाडफाड इंग्रजी बोलणारा हेडमास्तर मी एकटाच! (जर्मनीत जर्मन बोलतात, हे मला विमान उडाल्यावर लक्षात आलं.)

सकाळी उतरलो. सीटखाली गेलेली आत्याची चप्पल सापडेपर्यंत बाकीची माणसं निघून गेली. बाहेर आलो तर लांबच लांब पांढरा बोळ. काचेपलीकडं धुकं. कुणाचं खोकणंसुद्धा ऐकू येईना. दाराजवळ गेलो, तसं ते आपोआप उघडलं.

"कोण हाय रे आत?" आत्यानं विचारलं.

आत कुणीच नव्हतं. आम्ही पाऊल टाकलं आणि मागं दार आपोआप मिटलं.

"बाळू, मला हितलं लक्षण बरं दिसंना की."

"आत्या, विजेवर चालतं ते," मी म्हणालो. आवाज मध्येच चिरकला!

पुढं जमिनीवर काळा पट्टा होता. आत्यानं त्यावर पाय ठेवला मात्र, ती निघाली! पाय जागच्या जागी, पिशवी छातीशी, नऊवारीचा काठही हलत नाही आणि आत्या उभीच्या उभी लांब लांब चाललेली. तिनं फक्त मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग ती दिसेनाशी झाली.

मी भानावर येऊन धावलो. पट्टा संपला तिथं आत्या नव्हती! समोर दोन बोळ. दोन्ही पांढरे. त्यातल्या एकात शिरलो, तर रिकाम्या खुर्च्यांचं एक प्रचंड दालन. आणि छतातून बाईचा गोड आवाज आला.

"बाऽऽलू... बाऽऽलू..."

अंगावर सर्रकन काटा आला. पासपोर्टवर मी बाळकृष्ण. गावात मी सर. मला बाळू म्हणणाऱ्या दोघीच, आत्या आणि आई. आणि आई तर कधीच देवाघरी गेलेली!

मग सगळा उलगडा झाला. विमान उतरलंच नव्हतं, पडलं होतं! आत्या पुढं गेली होती आणि आता मला आई बोलवत होती.

"आलो गं आई!" मी हंबरडा फोडला.

तेवढ्यात गणवेशातली एक उंच, गोरीपान बाई आली आणि माझा हात धरून चालू लागली. (यमाकडं बायकाही नोकरीला असतात, ही मला नवी माहिती.) एक दार उघडलं. आत रंगीत चिमुकल्या खुर्च्या, खेळणी, आणि एका खुर्चीत कशीबशी मावलेली आत्या बिस्किट खात होती!

"गावला की! त्या सरकत्या पट्ट्यावरनं उतरले तर ही बाई भेटली. मराठीत सांगितलं, कानडीत सांगितलं, तिला कळंना. मग खूण केली, आमचं पोरगं हरवलंय, बाळू. तवा कुठं भोंग्यातनं तुला हाका मारल्या."

"खूण? कसली खूण?"

आत्यानं तळहात आपल्या कमरेपाशी धरला. एवढंसं पोरगं!

बाईनं त्या हाताकडं पाहिलं, माझ्या मिशांकडं पाहिलं. मग माझे डोळे पुसले आणि हातावर एक टॉफी ठेवली. जिवंत असल्याचा मला इतका आनंद झाला होता, की मी ती तिथंच चघळून संपवली आणि दुसरीसाठी हात पुढं केला.