अक्कांचा दोन फुटी खड्डा

आठ फुटी छताखाली हात पूर्ण वर नेऊन काठी फिरवायची असेल, तर तुम्ही काय कराल? छत फोडाल? की कोपर दुमडून, काठी अर्ध्यातच थांबवून भागवाल? आपल्यातले बहुतेक जण कोपर दुमडतील आणि त्याला समजूतदारपणा म्हणतील. अक्कांनी जमीन खणली.

अक्का जळगावातल्या आमच्या कॉलनीत एकट्या राहायच्या. मूळच्या धुळ्याच्या. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. साडीवर, गाऊनवर, स्वेटरवर ती असायचीच. कुणी म्हणालं, "अक्का, असं करत नसतात," की त्या शिट्टी दातांत धरायच्या. वाजवायच्या नाहीत. नुसतं समोरच्याकडे बघायच्या. मग शिट्टी काढून विचारायच्या, "कोठे लिखेल शे? दखाड माले." म्हणजे, कुठे लिहिलंय ते दाखव मला. एरवी आमच्याशी शाळेतलं मराठी बोलत. भांडायला मात्र त्यांना अहिराणी लागायची.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती पत्रक घेऊन. आमच्या चळवळीतल्या घरात पाहुण्याला पाण्याआधी पत्रक मिळायचं; मी त्यातच वाढले. त्या वेळचं पत्रक मैदानाबद्दल होतं. अक्कांच्याच शाळेचं मैदान लग्नाच्या गाड्या लावायला दिलं जात होतं आणि मुलींचा खेळाचा तास व्हरांड्यात भरत होता. अक्कांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, सही केली आणि म्हणाल्या, "सगळी नोकरी मी व्हरांड्यात कवायत घेतली गं. आता मला हिरवळ पाहिजे. गॅरेजात."

मला वाटलं, कुंड्या ठेवणार असतील.

त्यांना गोल्फ सिम्युलेटर बसवायचा होता. समोर पडदा, छताला प्रोजेक्टर, चेंडूशेजारी डब्याएवढं एक यंत्र. चेंडू मारला की यंत्र त्याचा वेग आणि दिशा मोजतं, आणि पडद्यावरच्या हिरवळीवरून चेंडू उडत जातो. खरा चेंडू पडद्याला आपटून खाली पडतो. अक्कांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. "पळणं संपलं," त्या म्हणाल्या. "या खेळात पळत नाहीत. गॅरेजात तर चालायचंही नाही. आणि आपल्या मे महिन्यात बाहेर कोण मरायला खेळतंय?"

मी पेटले. "अक्का, हा बड्या लोकांचा खेळ आहे! त्यांच्या गवताला पाणी, आणि आपल्याकडे टँकर!"

"या गवताला पाणी लागत नाही. आणि बड्यांचा खेळ? कोठे लिखेल शे?"

माझ्या हातात पत्रकं होती.

"ती ठेव तिकडे," अक्का म्हणाल्या, "आणि घमेलं उचल."

कारण छत आठच फूट होतं. पहिल्याच दिवशी काठी वर नेताना ट्यूबलाइट फुटली होती. अक्कांनी एका गवंड्याला बोलावून उभं राहण्यापुरता दोन फूट खोल खड्डा घेतला, आडाच्या तोंडाएवढा. त्यात उतरून त्यांनी ऐटीत पहिला चेंडू मारला. चेंडू समोरच्या मातीच्या भिंतीत रुतून बसला. गवंडी तोंडावर पंचा धरून हसला. अक्काही हसल्या, आणि म्हणाल्या, "पडद्यापर्यंत खण." सगळं मिळून आठ दिवस लागले. माझ्या तळहातांना फोड आले. पत्रकं वाटून ते कधी आले नव्हते.

पहिला पडदा म्हणजे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, उलटा टांगलेला. पुढारी भिंतीकडे तोंड करून, आणि त्याच्या पाठीवर हिरवीगार टेकडी. महिनाभरात चेंडूंनी त्याच्या मिशीला भोक पाडलं, तेव्हा मंडपवाल्याकडून जाड कॅनव्हास शिवून आणला.

कॉलनीत आधी बातमी फिरली की अक्का पाण्याची टाकी बांधतायत. खरं कळल्यावर कमिटीचे अध्यक्ष नाना नियमांची फाइल काखेत मारून आले. "अक्का, या वेळी लिहिलेलं आहे बरं का! गॅरेज वाहनासाठीच वापरायचं."

अक्कांनी फाइल घेतली, ओळीवर बोट ठेवून वाचली. "लिखेल शे," त्या म्हणाल्या. आत गेल्या आणि दोन्ही टायर बसलेली आपली जुनी मोपेड ढकलत आणून खड्ड्याच्या कोपऱ्याशी उभी केली. "हे घ्या वाहन. आता सरका नाना, पोरींचा नंबर आहे."

पोरी येत होत्या. शाळेतल्या, शेजारच्या वस्तीतल्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांबरोबर आलेल्या. आणि एकदा नशिराबादहून भाजी घेऊन येणारी मावशी आली. पाटी दारात उतरवून ती आत डोकावत होती.

"ये, एक मार."

"मी काय मारू बाई! भेंडी घ्या."

"भेंडी घेते. आधी मार."

मावशीने पदर खोचला, काठी धुण्याच्या धोपाटण्यासारखी धरली आणि हाणली. पडद्यावरचा चेंडू आम्हा सगळ्यांच्या पुढे, झाडांच्या पलीकडे गेला. मावशी पायाशी बघत म्हणाली, "गेला कुठं? हा तर इथंच पडलाय."

"पडला तो इथे," अक्का म्हणाल्या. "तू मारलास तो तिकडे गेला."

मावशी बराच वेळ त्या झाडांकडे बघत राहिली. त्या दिवसापासून तिची पाटी आमच्या गल्लीत अर्धा तास जास्त थांबू लागली.

शेवटच्या महिन्यांत अक्कांना खड्ड्याच्या दोन पायऱ्याही उतरवेनात. स्वतः खणून घेतलेल्या जागेत त्यांना स्वतःलाच जाता येईना. मला ते बघवत नव्हतं. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्या काठावर बसायच्या, पाय खड्ड्यात सोडून, शिट्टी ओठांत. चेंडू चुकला, भिंतीला लागला, पंख्यावर गेला, तरी शिट्टी वाजत नसे. एखादीने लाजून काठी अर्ध्यातून खाली आणली की मात्र कान फाटतील अशी वाजायची. "वर! अजून वर! त्याच्यासाठीच खणलंय!"

गेल्या थंडीत अक्का गेल्या.

घर त्यांच्या धुळ्याच्या भाच्याकडे आलं. माणूस भला आहे. पण त्याला गॅरेजात गाडी ठेवायची आहे, आणि शटरसमोर मुरुमाची ट्रॉली रिकामी झालेली आहे. सोमवारी खड्डा बुजणार. मी भांडायला गेले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ताई, आत्या होती तोवर ठीक होतं. आता कोण खेळणार इथे?"

"का? आत्यानंतर खेळायचं नाही, असं कोठे लिखेल शे?"

तो दचकलाच. मग हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. "आत्याच बोलली," तो म्हणाला. मुरुमाच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "बरं. रविवारी माणसं दाखवा मला. आली, तर खड्डा राहील. पण मग हा मुरूम तुम्हीच उचलून न्यायचा."

पोरी येतीलच. मावशी येईन म्हणालीय. तेवढ्याने ढीग हलणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. रविवारी सकाळी आठला या. खेळ येत नसला तरी या. आम्हालाही येत नव्हता. मोपेडला वळसा घालून दोन पायऱ्या उतरा, काठी पूर्ण वर न्या आणि एक चेंडू मारा. मग जाताना त्या ढिगातला घमेलंभर मुरूम घेऊन जा. अंगणात टाका, बोळातल्या चिखलात टाका.

घमेलं मात्र घरून आणा.